स्टेपचे मार्क

परवा शनिवारी रात्री बाहेर धो धो पाऊस. जेवण मागवावं तर ते पोहोचेल की नाही याची शाश्वती नाही. मग दोन मॅगी टाकल्या आणि लॅपटॉपवर ‘डेस्टिनेशन मून’ लावला. १९५० सालचा. रूममेट मागून डोकावला आणि म्हणाला, "हे रॉकेट आहे की पिचकारी?"

म्हटलं, बस तर खरं.

पहिला अर्धा तास त्याने यथेच्छ चेष्टा केली. करण्यासारखी आहेही. चंद्रावर जायला पैसे लागणार म्हणून उद्योगपतींना जमवून एक फिल्म दाखवतात, आणि त्यात रॉकेटचं तत्त्व समजावतो कोण, तर वुडी वुडपेकर! बंदूक झाडली की तो मागे फेकला जातो, म्हणजे न्यूटनचा तिसरा नियम. चक्क इन्व्हेस्टर प्रेझेंटेशन, तेही कार्टूनसकट. आपल्याकडची अर्धी पीपीटी यापेक्षा वाईट असतात, पण ते असो.

मग यान चंद्रावर उतरतं आणि कळतं, उतरताना इंधन जास्त जळलं. परत जायचं तर वजन कमी करायला हवं. सापडेल ते उचकटून बाहेर फेकतात, तरी थोडं वजन उरतंच. शेवटी चौघांपैकी एक मागे राहणार अशी वेळ येते. खलनायक नाही, परग्रहवासी नाही, नुसती वजाबाकी! तेवढ्यात एकाला सुचतं, रेडिओ आणि शेवटचा स्पेससूट टाकला तर जमेल. इथे रूममेट मॅगीचा काटा हवेत धरून थांबला. "अरे पण सूट फेकणार कसा? फेकायला दार उघडावं लागेल, आणि दार उघडायचं तर सूट अंगात हवा ना?" बरोब्बर! उत्तर आहे दोरी आणि जड सिलिंडर. बाकीचं सिनेमात बघा.

रात्री दीड वाजता हा माणूस पाठकोऱ्या कागदावर एअरलॉकचं चित्र काढत होता.

तर प्रश्न असा की या जुन्या अंतराळ-सिनेमांत एवढं काय आहे? नॉस्टॅल्जिया म्हणावं तर माझ्या जन्माआधी जवळजवळ पन्नास वर्षं आलेल्या सिनेमाचा मला कसला आलाय नॉस्टॅल्जिया? मला वाटतं, गंमत ‘स्टेपच्या मार्कां’मध्ये आहे. ज्यांनी एम-थ्रीचा पेपर दिलाय त्यांना सांगायला नको. उत्तर चुकलं तरी चालेल, पण स्टेप्स दाखवा. या लोकांनी स्टेप्स दाखवल्या, आणि उत्तर कुणालाच माहीत नसताना दाखवल्या.

माझं लाडकं उदाहरण म्हणजे फ्रिट्झ लांगचा ‘फ्राऊ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरची बाई’. जर्मनी, १९२९, मूकपट. स्पुटनिकच्या अठ्ठावीस वर्षं आधीचा. लांगने सल्लागार म्हणून घेतला हरमान ओबर्थ, रॉकेटच्या गणितातला तेव्हाचा मोठा माणूस. म्हणून सिनेमात काय काय आहे बघा: अनेक टप्प्यांचं रॉकेट, उंच हँगरमधून उभंच्या उभं बाहेर येणारं, उड्डाणाचा दाब सोसावा म्हणून आडवे झोपलेले प्रवासी, वजनरहित अवस्थेत तरंगू नये म्हणून पाय अडकवायला पट्टे. आणि काउंटडाऊन! एक, दोन, तीन मोजलं तर प्रेक्षकाला कळणार नाही कुठे थांबणार, उलटं मोजलं तर शून्याला सगळ्यांचा श्वास अडकेल, हा लांगचा हिशेब. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडताना आम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये उभे राहून श्रीहरिकोट्याचे आकडे उलटे मोजत होतो. ती उलटी मोजणी लोकप्रिय झाली ती या सिनेमातून.

आणि आता त्याच सिनेमातली चूक. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला हवा आहे! प्रोफेसरसाहेब हातात काटकी घेऊन आपल्याकडच्या पानाड्यासारखे पाणी शोधत हिंडतात. हसू येतंच. पण हे हसणं आपल्या आजोबांच्या जुन्या वहीतल्या खाडाखोडीला हसण्यासारखं आहे. कुठपर्यंत त्यांना दिसत होतं आणि कुठे अंधार सुरू झाला, ती रेघ स्पष्ट दिसते.

‘डेस्टिनेशन मून’मध्येही तसंच. चंद्राची दृश्यं चेस्ली बोनस्टेल या चित्रकाराने रंगवली. पण पडद्यावर जमिनीला सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडलेल्या आहेत. स्टुडिओतला सेट लांबवर पसरलेला वाटावा म्हणून त्या घातल्या. भेगा म्हणजे कधीतरी पाणी होतं असं होईल, म्हणून बोनस्टेलला त्या पसंत नव्हत्या. सायन्स विरुद्ध डेडलाईन, निकाल आपल्या ओळखीचा. :)

रशियनांनीही हे केलं. १९३६ चा ‘कॉस्मिक व्हॉयेज’, सल्लागार साक्षात त्सिओल्कोव्स्की. ऐंशीच्या घरात पोचलेल्या या माणसाने सिनेमासाठी यानाची चित्रं काढून दिली, आणि १९३५ मध्ये, सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच, तो गेला. आपलं गणित उडताना त्याने सिनेमातही पाहिलं नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण एक गोष्ट लपवून हा लेख संपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ३ ऑक्टोबर १९४२ ला पेनेम्युंडेहून जर्मनीचं व्ही-टू पहिल्यांदा यशस्वी उडालं, तेव्हा त्याच्या बुडाशी ‘फ्राऊ इम मोंड’चं चित्र रंगवलेलं होतं. ते बनवणाऱ्या फॉन ब्राउनने तरुणपणी ओबर्थच्या हाताखाली उमेदवारी केली होती. पुढे तीन हजारांहून जास्त व्ही-टू लंडन, अँटवर्पसारख्या शहरांवर डागली गेली, आणि ती बनवताना छळछावणीतले हजारो कैदी मेले. चंद्राचं स्वप्न आणि हे, दोन्ही एकाच वहीतून निघालं. त्याच फॉन ब्राउनच्या टीमचं सॅटर्न-५ माणसाला १९६९ मध्ये चंद्रावर घेऊन गेलं.

म्हणजे माझ्या थिअरीत भोक आहे. स्टेप्स बरोबर असल्याचे मार्क मिळतात, पण गणित कशासाठी मांडलंय हे पेपर तपासणारा विचारत नाही. ते आपणच विचारायचं असतं. मी हे सिनेमे तरीही बघतो, फक्त ‘किती भोळा काळ होता नै’ असं आता म्हणत नाही.

कुणी म्हणेल, आजचे सिनेमेही अभ्यास करतात. करतात की! ‘इंटरस्टेलर’साठी किप थॉर्नने कृष्णविवराची समीकरणं दिली. पण आज चूक झाली तर ती माहीत असून केलेली सवलत असते. १९२९ ची चूक म्हणजे माहीत नसताना उचललेलं पाऊल होतं. कुबरिकचा ‘२००१’ आला १९६८ मध्ये, अपोलो ११ च्या जेमतेम एक वर्ष आधी. त्याने यानाचं फिरतं चक्र खरोखर बांधून घेतलं. लोखंडी, माणसं आत चालतील एवढं. चुकलो तर सगळ्यांसमोर चुकू, ही तयारी मला भुरळ घालते.

कारण माझ्यात ती उरलेली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मॉड्यूलचं एस्टिमेट विचारलं, मी छाती ठोकून दहा दिवस सांगितले आणि लागले सतरा. मीटिंगमध्ये तो आकडा प्रोजेक्टरवर लावून माझी जी शोभा झाली, त्यानंतर मी शहाणा झालो. आता कुणी विचारलं की म्हणतो, ‘डिपेंड्स.’ पाच वर्षांत माझं एकही एस्टिमेट चुकलेलं नाही, कारण मी एकही दिलेलं नाही.

आणि तिकडे तो लांग, चंद्रावर हवा आहे म्हणून मोकळा झाला! चुकला. पण काउंटडाऊन आपण त्याचंच वापरतो.

सोमवारी नवीन मॉड्यूलची मीटिंग आहे. आकडा काढलाय, बारा दिवस. चुकला तर चुकला. स्टेप्स दाखवणार आहे.

ता. क. रूममेट म्हणतोय, दोरी-सिलिंडरचं त्याने पुन्हा तपासलं, चालेल म्हणे. पुढच्या शनिवारी ‘फ्राऊ इम मोंड’. जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे, मॅगी चार लागतील.