मुळासकट, मातीसकट

दिवाळीच्या मागेपुढे आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) एक बातमी ठरलेली असते. तुरीच्या नाहीतर उसाच्या रानात गांजाची झाडं सापडली, लाखोंचा मुद्देमाल जप्त. फोटोत हिरव्या झाडांचा ढीग, मागं साहेब मंडळी ओळीनं उभी आणि पुढं खाली मान घालून बसलेला एखादा म्हातारा. आपण फॉरवर्ड करतो, दोन शिव्या हासडतो आणि विसरतो.

दिवाळीलाच का? कारण दिवस लहान व्हायला लागले की हे झाड फुलोऱ्यावर येतं. मादी झाडाला तुरे धरतात, उग्र वास सुटतो आणि तो तुरीच्या आडोशाला लपत नाही. सगळा पैसा त्या तुऱ्यात. नर झाडं आधीच उपटतात, नाहीतर तुऱ्यात बी भरतं आणि भाव पडतो. पानाला, खोडाला, मुळाला गांजाचा भाव कोणी देत नाही.

कायद्यालाही हे माहीत आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाही. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जामिनाच्या प्रकरणात याच व्याख्येवर बोट ठेवलं होतं.

आता मी पाहिलेलं सांगतो. गावाचं आणि ठाण्याचं नाव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मला पंच म्हणून उभं केलं. झाडं मुळासकट उपटली, मुळाला ओल्या मातीचे गोळे तसेच, मोळ्या बांधल्या आणि धान्याच्या काट्यावर चढवल्या. तुरे वेगळे काढले नाहीत, माती झटकली नाही. जो आकडा आला तो 'गांजा' म्हणून कागदावर चढला. मी सही केली. तेव्हा कळत नव्हतं, आज त्या सहीची लाज वाटते.

आकड्यानं काय होतं? सगळं होतं. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, एक वर्षापर्यंत शिक्षा. त्याच्या पुढं, पण व्यावसायिक प्रमाणाच्या आत असेल तर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण: किमान दहा, कमाल वीस वर्षं, दंड किमान एक लाख. शिवाय कलम 37 लागतं. म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, असं कोर्टाला वाटल्याशिवाय जामीन नाही. चिखल, खोड आणि पाल्याच्या वजनानं माणूस एका रकान्यातून दुसऱ्यात ढकलला जातो. घरचं माणूस वर्षानुवर्षं आत, रान पडीक, वकिलाच्या फीपायी बैल विकलेले.

कोणी म्हणेल, लावलाच कशाला? बरोबर, लावायला नकोच होता. मी लागवडीची बाजू घेत नाही. बांधावर चार झाडं लावून पोरांच्या हातात चिलीम देणाऱ्याचा मलाही राग आहे. पण लागवडीसाठी कलम 20 मध्ये वेगळी शिक्षा आहेच, दहा वर्षांपर्यंत, आणि ती वजनावर अवलंबून नाही. ती लावा की! त्यासाठी माती तोलायची गरज काय?

आणि हे पीक आपल्याला नवं नाही. इंग्रजांनी 1893 मध्ये हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, त्यानं 1,193 साक्षीदार तपासले. त्या काळी मुंबई इलाख्यात गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत नगरचं नाव होतं, आणि सरकार त्यावर महसूल घेत होतं. आज तोच जिल्हा कांदा पिकवतो. डिसेंबर 2023 मध्ये ऐन हंगामात निर्यातबंदी आली, ती मे 2024 मध्ये उठली. 2021 मध्ये शेजारच्या सोलापुरात मोहोळच्या एका शेतकऱ्यानं कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून गांजा लावायची परवानगी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडं मागितली होती. हसले सगळे. मला हसू आलं नाही.

माझा खरा राग पुढचा आहे. हा माल बांधावरून कोण उचलतो? बियाणं कोण देतो, आगाऊ पैसे कोण टेकवतो? फोटोत तो कधी दिसला का? ढिगामागं उभं राहायला सगळे असतात, तपास मात्र रानमालकापाशी येऊन थांबतो.

सरपंच, पोलीस पाटील यांना एक सांगणं. कलम 47 नुसार असली लागवड कळली की लगेच कळवायची जबाबदारी तुमच्यावर आहे, तेव्हा जूनमध्ये गप्प बसून दिवाळीला फोटोत उभं राहू नका.

मला पुन्हा पंच म्हणून बोलावलं तर मी जाईन. आधी माती झटका म्हणेन, तुरे वेगळे काढा, पाला-खोड वेगळं ठेवा, दोन्हींची वेगवेगळी वजनं माझ्यासमोर लिहा. लिहिली तर सही करीन. नाही लिहिली तर माझं म्हणणं त्याच कागदावर नोंदवा म्हणेन.