न झालेल्या राज्याचे मानमरातब : वेल्सच्या पर्यायी इतिहासाविषयी

जे घडले नाही ते घडले असते तर पुढे काय झाले असते, हा प्रश्न इतिहासकाराला फारसा रुचत नाही. ललित लेखकाला मात्र तो सतत खुणावत असतो. मराठी वाचकाला या प्रकाराचा परिचय आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांवर झाडलेली गोळी चुकते आणि तेथून हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. इंग्रजीत अशा लेखनाचा पसारा मोठा आहे. वेल्सचे राज्य इंग्रजांच्या हाती गेलेच नसते तर, ही त्यातील एक कल्पना. तिच्या आधारे राजवंशावळी रचल्या जातात, ध्वज ठरतात, आणि विशेष हौसेने रचल्या जातात त्या राजाने द्यावयाच्या पदव्या, नाइटांची मंडळे, पदके आणि फिती.

ही हौस अगदीच निष्कारण नाही. इंग्लंडला चौदाव्या शतकात गार्टर मंडळ मिळाले, स्कॉटलंडला १६८७ मध्ये थिसल मंडळ, आयर्लंडला १७८३ मध्ये सेंट पॅट्रिकचे मंडळ. वेल्सच्या वाट्याला स्वतःचे असे मंडळ कधीच आले नाही. ही रिकामी जागा कल्पनेने भरावीशी वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो ती कशाने भरली जाते हा. तांबड्या ड्रॅगनचे वा संत डेव्हिडचे मंडळ, त्यात चढत्या श्रेणी, नावामागे लावावयाची अक्षरे, छातीवर तारा आणि खांद्यावरून तिरपी फीत, एवढ्याने जर ते राज्य सजत असेल, तर लेखकाने वेल्सचे स्वतंत्र राज्य कल्पिलेले नाही. त्याने लंडनच्या दरबाराचे भाषांतर केले आहे. युद्धाचा निकाल तेवढा उलटला; सन्मान म्हणजे काय, याविषयीचा जेत्याचा विचार मात्र जसाच्या तसा राहिला.

यात एक विपर्यासही आहे. इंग्लंडच्या नाइट-मंडळांमागे ज्या आर्थर राजाची छाया आहे, तो मुळात वेल्श परंपरेतला. मनमथच्या जेफ्रीने ११३६ च्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाने त्याला युरोपभर नेले, आणि पुढे जेत्यांनीच त्याला आपला पूर्वज मानले. ११ डिसेंबर १२८२ रोजी किल्मेरीजवळ लेवेलिन आप ग्रिफिथ मारला गेला. त्यानंतर पहिल्या एडवर्डने जी लूट नेली तिच्यात आर्थरचा म्हणून ओळखला जाणारा मुकुट होता आणि ग्विनेदच्या राजांचा अत्यंत पूज्य असा ‘क्रोइस नाइद’ नावाचा क्रूस होता. १२८४ मध्ये याच एडवर्डने वेल्समध्ये नेविन येथे ‘गोलमेजा’चा उत्सव करून आपल्या विजयाचा सोहळा आर्थरच्या नावाने साजरा केला. त्याचा नातू तिसरा एडवर्ड याने १३४४ मध्ये विंडसरला गोलमेजाचे मंडळ स्थापण्याचा संकल्प सोडला. तो तसाच राहिला आणि काही वर्षांत त्याजागी गार्टर मंडळ उभे राहिले. ग्विनेदचा तो क्रूस विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये, म्हणजे गार्टर मंडळाच्याच मंदिरात, येऊन पोहोचला. असे असता कल्पित वेल्श राजाने गार्टरची प्रतिकृती काढावी, यात आपल्याच घरातून गेलेली वस्तू दुसऱ्याचा ठसा उमटवून परत घेण्याचा प्रकार घडतो.

मग त्या राज्याचे स्वतःचे असे काय होते? याचे उत्तर वेल्श कायद्याच्या संहितांत पडून आहे. परंपरा त्यांचे श्रेय दहाव्या शतकातील हवेल दा या राजाला देते. हाती असलेली हस्तलिखिते मात्र तेराव्या शतकापासूनची. त्यांचा आरंभीचा मोठा भाग राजदरबाराच्या नियमांचा आहे. दरबारात चोवीस अधिकारी. प्रत्येकाची बसण्याची जागा ठरलेली, प्रत्येकाला करमुक्त जमीन, राजाकडून लोकरी वस्त्र आणि राणीकडून तागाचे वस्त्र. पहिला मान राजाच्या शरीररक्षक पथकाच्या प्रमुखाचा; पुढे पुरोहित, कारभारी, ससाणे बाळगणारा, न्यायाधीश, अश्वपाल असा क्रम चालतो. त्याखेरीज राजा भोजनाला बसल्यापासून निजेपर्यंत त्याचे पाय आपल्या मांडीवर धरून बसणारा एक सेवकही या नियमांत नोंदलेला आहे, आणि त्याचेही हक्क सांगितलेले आहेत. आजच्या वाचकाला हसू यावे असा हा तपशील; पण मान आणि काम यांची फारकत तेथे झालेली नव्हती, हे त्यातून जितके उघड होते तितके कोणत्याही सिद्धान्ताने होणार नाही. त्या दरबारात ‘मानद’ असे काही नव्हते.

याच अधिकाऱ्यांत ‘बार्द तेली’ म्हणजे राजाच्या पथकाचा कवी होता. स्वारीवर निघालेल्या पथकापुढे ब्रिटनच्या सार्वभौमत्वाचे गान करणे हे त्याचे कर्तव्य आणि लुटीतील एक जनावर हा त्याचा वाटा. त्याच्याहून वेगळा ‘पेन्केर्द’, म्हणजे कवींचा मुख्य, स्पर्धेत आसन जिंकलेला. दरबारात गाणे हवे झाले की आधी पेन्केर्दने गावयाचे: एक गीत देवाचे, दुसरे राजाचे. त्यानंतर बार्द तेलीने. राणीला आपल्या दालनात गाणे ऐकावेसे वाटले तर बार्द तेलीने ते हलक्या आवाजात गावे, म्हणजे बाहेरच्या सभेला व्यत्यय येणार नाही. कवीच्या आवाजाची पट्टीसुद्धा ठरविणारा हा कायदा वाचल्यावर, कल्पित वेल्श राज्याच्या सन्मानसूचीत कवी अगदी खालच्या पदकाचा धनी व्हावा आणि सेनापतींनी वरच्या श्रेणी अडवाव्यात, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

तथापि या संहितांतील सर्वांत अर्थपूर्ण शब्द आहे तो ‘सार्हाइद’. या एकाच शब्दाने अपमान आणि त्या अपमानाची भरपाई या दोहोंचा बोध होतो. प्रत्येक माणसाच्या मानाचे मोल ठरलेले असून ज्याने तो दुखावला त्याने ते मोजावयाचे. राजाच्या अपमानाची भरपाई त्याच्या राज्यातील प्रत्येक कांत्रेव्हमागे, म्हणजे परगण्यामागे, शंभर गाई अशी होती. तिच्यात सोन्याची एक तबकडीही असे, राजाच्या चेहऱ्याएवढी रुंद आणि वर्षानुवर्षे नांगर धरलेल्या माणसाच्या नखाएवढी जाड. राजाच्या प्रतिष्ठेचे माप नांगरट्याच्या नखाने घ्यावे, ही कल्पना कोणत्याही मंडळाच्या ब्रीदवाक्याहून अधिक बोलकी आहे. ही व्यवस्था समतेची होती असे मात्र कोणी समजू नये. पत्नीचे सार्हाइद पतीच्या एकतृतीयांश, दासाचे तर नाममात्र. पण नाममात्र का होईना, ते होते. सन्मान ही राजाने मूठभरांना द्यावयाची देणगी नसून प्रत्येकाजवळ कमीअधिक प्रमाणात असलेली आणि इतरांनी जपावयाची ठेव आहे, असा विचार त्यामागे दिसतो. नाइट-मंडळाचा पायाच याच्या उलट. तेथे सन्मानाचा झरा सिंहासनापाशी उगम पावतो आणि उतरत उतरत खाली येतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्बळ नाही. राज्य टिकले असते तर त्याने काळाबरोबर उसनवारी केलीच असती. थोर लेवेलिनने इंग्लंडच्या जॉन राजाच्या मुलीशी विवाह केला होता. त्याच्या नातवाला ‘वेल्सचा राजपुत्र’ ही पदवी १२६७ च्या माँटगोमेरीच्या तहाने इंग्लंडच्या राजाकडूनच मान्य करून घ्यावी लागली. ग्विनेदच्या ढालीवरचे चार सिंह युरोपच्या सामायिक चिन्हविद्येतले. चौदाव्या-पंधराव्या शतकांत राजे एकापाठोपाठ एक मंडळे स्थापीत होते. हंगेरीच्या सिगिस्मंडने १४०८ मध्ये चक्क ड्रॅगनचेच मंडळ काढले, बर्गंडीत १४३० मध्ये सुवर्णलोकर मंडळ निघाले. वेल्सच तेवढे अलिप्त राहिले असते काय? कदाचित नसते. पण शेजारचे स्कॉटलंड शतकानुशतके स्वतंत्र राज्य होते, आणि त्याच्या थिसल मंडळाला निश्चित रूप आले ते १६८७ मध्ये, दोन्ही मुकुट एका डोक्यावर आल्यानंतर. स्वतंत्र राज्य म्हटले की नाइट-मंडळ आलेच, हे समीकरण तेवढ्यावरूनही डळमळते.

शिवाय कल्पनेवर विसंबण्याचे कारणही पुरते नाही, कारण पंधराव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे असे राज्य प्रत्यक्षात उभे होते. १६ सप्टेंबर १४०० रोजी ओवाइन ग्लिनडूरला त्याच्या अनुयायांनी वेल्सचा राजपुत्र म्हणून घोषित केले. १४०४ मध्ये त्याने माखुनलेथला संसद भरविली. १४०६ मध्ये पेन्नाल येथून फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सला त्याने जे पत्र पाठविले, त्यात त्याच्या राज्याचा मनसुबा स्पष्ट आहे. सेंट डेव्हिड्सचे धर्मपीठ कँटरबरीच्या अधिकारातून मुक्त व्हावे, वेल्श चर्चमध्ये वेल्श जाणणाऱ्यांचीच नेमणूक व्हावी, आणि दोन विद्यापीठे असावीत: एक उत्तरेत, एक दक्षिणेत. वेढा पडलेल्या राज्याचा अधिपती विद्यापीठांची मागणी करतो, आणि सहाशे वर्षांनंतर त्याच्या राज्याला कल्पनेत जिवंत करणारे त्याला फिती आणि तारे देतात! साडेचारशेहून अधिक वर्षे थांबल्यावर अबेरिस्टविथला १८७२ मध्ये पहिले विद्यापीठ-महाविद्यालय उघडले, हे ध्यानात घेतले म्हणजे पेन्नालच्या पत्रातील ती ओळ कोणत्याही कादंबरीच्या कल्पनेपेक्षा धाडसी ठरते.

नाव बदलले म्हणजे वस्तू बदलते, हा भ्रम केवळ वेल्सच्या कल्पकांचा नव्हे. राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पेशव्याला मुख्य प्रधान म्हटले. तरी व्यवहारात ‘पेशवा’च टिकला. नारळीकरांच्या कथेतही मराठ्यांच्या विजयानंतर दिल्लीची गादी नाममात्र का होईना राहतेच, कारण अधिकाराला मान्यतेची मोहोर कोठून मिळते, हा प्रश्न लेखकाने टाळलेला नाही. वेल्सच्या पर्यायी इतिहासांत बहुधा नेमका तोच टाळला जातो.

जेत्याने जितांसाठी मंडळ घडविले म्हणजे काय होते, याचे उदाहरण हिंदुस्थानी वाचकाला दूर शोधावे लागत नाही. १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांत, १८६१ मध्ये, ‘स्टार ऑफ इंडिया’ स्थापन झाले आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत होते. वेल्समध्येही याला समांतर असे पूर्वी घडून गेले होते. बॉझवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरची बाजू घेणारा रीस आप थॉमस १५०५ मध्ये गार्टरचा नाइट झाला आणि लौकरच त्याने आपल्या कॅर्‌यूच्या गढीत त्या मानाप्रीत्यर्थ मोठा सोहळा मांडला. त्या सोहळ्यात वेल्श काय होते आणि इंग्रज काय होते, हे वेगळे करणे कठीण आहे. आणि म्हणूनच कथेचा विषय म्हणून तो कोणत्याही शुद्ध, अजिंक्य राज्यापेक्षा सरस आहे.

वेल्सच्या सन्मानांचा सर्वांत यशस्वी पर्यायी इतिहास कादंबरीकाराने रचलेलाच नाही. तो रचला ग्लॅमॉर्गनच्या एका पाथरवटाने. एडवर्ड विल्यम्स, काव्यनाम योलो मॉर्गानुग, याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर कवींची ‘गोर्सेद’ भरविली आणि ती प्राचीन ड्रुइडांपासून अखंड चालत आली असल्याचे सांगितले. त्यासाठी लागणारे पुरावे त्याने स्वतःच लिहिले. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांच्या संशोधनाने ही बनावट उघडी पडली. गोर्सेद मात्र १८१९ पासून आयस्तेदवोद या वाङ्मयोत्सवाशी जोडली गेलेली होती, ती तशीच राहिली. शुभ्र, निळी आणि हिरवी वस्त्रे घातलेले तिचे सदस्य आजही त्या उत्सवात मिरवणुकीने येतात. योलोची लबाडी क्षम्य ठरविण्याचे कारण नाही. पण त्याने सन्मानासाठी वस्तू निवडली ती भाषा, आणि मंडळ रचले ते कवींचे; त्याच्या खोट्याची मुळे खऱ्या जमिनीत होती. ११७६ मध्ये रीस आप ग्रिफिथने कार्डिगनच्या किल्ल्यात स्पर्धा भरविली, तिची घोषणा वर्षभर आधी वेल्ससह इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये झाली होती, आणि विजेत्या कवीला व विजेत्या वादकाला आसन मिळाले होते.

त्या आसनाची परंपरा आणि साम्राज्याची पदके १९१७ या एकाच वर्षी समोरासमोर आली. जूनमध्ये पाचव्या जॉर्जने ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ची स्थापना केली, युद्धकार्यात हातभार लावणाऱ्या हजारोंना ती वाटावयाची होती. सप्टेंबरमध्ये बर्कनहेडच्या आयस्तेदवोदमध्ये आसनाच्या मानकऱ्याचे टोपणनाव पुकारण्यात आले, तेव्हा कोणी उठले नाही. तो कवी, त्रॉसविनिद गावचा मेंढपाळ एलिस हंफ्री इव्हान्स ऊर्फ हेद विन, ३१ जुलै रोजी ईप्रच्या लढाईत साधा शिपाई म्हणून पडला होता. पंतप्रधान लॉइड जॉर्ज सभेत उपस्थित होते. रिकामे आसन काळ्या वस्त्राने झाकण्यात आले आणि तसेच त्याच्या आईवडिलांच्या शेतघरी पोहोचविण्यात आले. ते आजही तेथे पाहावयास मिळते.

वेल्सच्या स्वशासित सरकारने २०१४ पासून संत डेव्हिडच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार देण्यास आरंभ केला. शौर्य, संस्कृती, नागरी सेवा, उद्योग, क्रीडा अशा निरनिराळ्या क्षेत्रांसाठी ते दिले जातात. मिळणाऱ्याच्या नावाआधी काही येत नाही, नावामागे अक्षरेही लागत नाहीत.