स्वयंपाकघराची जमीन

नवे घर बांधताना अथवा जुन्याची डागडुजी करताना सर्वाधिक विचार होतो तो दिवाणखान्याचा. भिंतींचा रंग, दाराची नक्षी, छताचे दिवे यांविषयी घरातील प्रत्येकजण हिरिरीने मत देतो. स्वयंपाकघराच्या जमिनीचा प्रश्न मात्र दुकानात उभ्याउभ्याच निकालात निघतो. दिवाणखान्यासाठी निवडलेली चकचकीत फरशीच पुष्कळदा तेथेही बसवली जाते. घरातील सर्वांत जास्त पाणी आणि तेल जेथे सांडते, जेथे एक व्यक्ती दिवसातील कित्येक तास उभी असते, त्या जागेविषयी इतकी बेफिकिरी योग्य आहे काय?

पूर्वी घरोघर शेणाने सारवलेली भुई असे. ती पायाला मऊ लागे. परंतु पावसाळ्यात ओल धरी, तिचे पोपडे निघत आणि वारंवार सारवण्याचे कष्ट घरातील स्त्रीच्याच वाट्याला येत. त्यामुळे तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पुढे दगडी फरशी आली. कर्नाटकातील शहाबाद, राजस्थानातील कोटा आणि आंध्र प्रदेशातील कडप्पा या ठिकाणांची नावेच तेथील दगडांना मिळाली. गोव्यात आणि केरळात तांबड्या रंगाचा कोबा लोकप्रिय झाला. घासून गुळगुळीत न केलेली शहाबादी किंवा कोटा फरशी दिसायला साधी असते. पण तिच्या अंगच्या खरबरीतपणामुळे ओला पायही तिच्यावर सहसा घसरत नाही.

आज बाजारात व्हिट्रिफाइड टाइल्सना मोठी मागणी आहे. त्यांचे गुण नाकारता येणार नाहीत. त्या सामान्यतः आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहूनही कमी पाणी शोषतात. त्यामुळे हळदीचा किंवा तेलाचा डाग त्यांच्यात सहसा मुरत नाही आणि एका पुसण्यात त्या स्वच्छ होतात. दोष आहे तो त्यांच्या चकाकीत. गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी सांडले, की पाऊल आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो. घर्षण कमी होते आणि पाय निसटतो. तरुण माणूस कदाचित सावरेल. परंतु वृद्ध आजीच्या खुब्याचे हाड मोडले, तर तिला कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहावे लागते. काही वेळा तर ती पुन्हा पूर्वीसारखी चालूही शकत नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

संगमरवराचा मोह तर स्वयंपाकघरात टाळलेलाच बरा. लिंबू, चिंच, कोकम यांतील आम्लाने संगमरवराची झीज होते आणि त्यावर कायमचे निस्तेज डाग पडतात. कोटा आणि शहाबादी हेही चुनखडीचेच दगड असल्याने त्यांवर सांडलेले आंबट पदार्थ लगेच पुसावे लागतात. ग्रॅनाइटला असा त्रास फारसा होत नाही. मात्र तोही चकाकी दिलेला असेल, तर ओला झाल्यावर निसरडा होतो.

खरबरीत फरशी साफ करण्यास अवघड जाते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. खोल खाचा असलेल्या फरशीत पीठ आणि तेलकट मळ अडकून बसतो. म्हणूनच मध्यम मार्ग हिताचा ठरतो. चकाकी नसलेल्या, हाताला किंचित खरखरीत लागणाऱ्या मॅट टाइल्स पुसायला सोप्या असतात आणि पायालाही आधार देतात. सांध्यांमध्ये साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरल्यास खर्च वाढतो. पण सांधे काळे पडत नाहीत. मोरीच्या दिशेने किंचित उतार ठेवला, तर पाणी साचून राहत नाही. भाड्याच्या घरात फरशी बदलणे शक्य नसते. तेथे ओट्यापुढे न सरकणारे रबरी पायपुसणे अंथरणे आणि सांडलेले तत्काळ पुसणे, एवढे तरी करता येते.

निवड करताना एक साधी कसोटी पुरेशी आहे. दुकानात नमुन्याच्या फरशीवर थोडे पाणी शिंपडावे आणि अनवाणी पायाने हलकेच चाचपून पाहावे. ही परीक्षा घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते, तिनेच घेणे उचित होय. पाहुणा त्या खोलीत घटकाभर डोकावतो. तिला मात्र पहाटेच्या चहापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत त्याच जमिनीवर वावरायचे असते. तेव्हा फरशीची निवड करण्याचा पहिला अधिकार तिचाच असला पाहिजे.