गुडघेदुखी आणि उसना आराम

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे दुखू लागले म्हणजे ‘आता वय झाले’ असे म्हणून ते मुकाट्याने सोसावयाचे, तेल चोळावयाचे, वीट तापवून शेकावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत. ती फारशी शास्त्रीय नव्हती हे खरे. पण तिने कोणाचे मोठे नुकसानही होत नसे. आज परिस्थिती पालटली आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात गुडघेदुखीवर उपाय सुचविणाऱ्यांची वाण नाही. एक जण ‘गुडघ्यातले वंगण संपले आहे, ते सुईने भरू’ म्हणतो. दुसरा रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवाची सुई सुचवितो. तिसरा स्टिरॉइडची सुई टोचून त्याच आठवड्यात जिना चढावयास लावतो. चौथा सांधाच बदला म्हणतो. बाजारच्या दिवशी बिननावाची पुडी विकणारा पाचवा तर आहेच. या गर्दीत पगारदार माणसाने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न आता केवळ वैद्यकाचा राहिलेला नाही. तो घरखर्चाचा आणि सार्वजनिक धोरणाचाही झाला आहे.

दुखणे थोडथोडक्यांचे नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली सांधेदुखीची घरोघर पाहणी करण्यात आली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायू यांची दुखणी असल्याचे आढळले, आणि सुमारे सहा टक्क्यांना झिजेचा संधिवात होता. भिगवण हे काही श्रीमंतांचे, बैठ्या लोकांचे गाव नव्हे. कष्ट करणाऱ्यांना सांधेदुखी होत नाही, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. उकिडवे बसणे, ओझे उचलणे, वाकून खुरपणे यांत जन्म घालविणाऱ्या मराठवाड्यातील स्त्रीचे गुडघे शहरातील कारकुनाच्या गुडघ्यांपेक्षा सुखी असतील, असे मानण्यास काही कारण नाही. स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो, हे तर सर्वमान्यच आहे.

अशा माणसाला स्टिरॉइडच्या सुईचे आकर्षण वाटले तर नवल नाही. या औषधाचा इतिहासही दिपविणारा आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९५१ साली जोसेफ हॉलंडर यांनी याच कुळातील औषध थेट सांध्यात टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. परंतु ज्या आमवाताने या औषधाला कीर्ती मिळवून दिली, तो आणि आपली सर्वसामान्य गुडघेदुखी हे दोन वेगळे विकार आहेत. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर उलटते. त्यावर वेळीच, तज्ज्ञांकडून आणि वेगळ्या औषधांनी उपचार व्हावे लागतात. झिजेच्या संधिवातात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरत जाते आणि सांध्यात अधूनमधून दाह होतो. स्टिरॉइड हा दाह शमविते. विरलेली कूर्चा ते परत आणीत नाही.

म्हणूनच या सुईने मिळणारा आराम हा उसना आराम आहे. तो खरा असतो, पण काही आठवडेच टिकतो. उसनवारीचे दुसरे लक्षण म्हणजे ती वारंवार केली की व्याज चढते. अमेरिकेत १४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही जणांना दर बारा आठवड्यांनी स्टिरॉइडची, तर इतरांना नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई देण्यात आली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या वेदनांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र स्टिरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा अधिक झिजली होती. सुईनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील आराम या प्रयोगात मोजला नव्हता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण दर तीन महिन्यांनी सुई घेत राहणे हा उपचाराचा मार्ग होऊ शकत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो. शिवाय मधुमेह्याची साखर या सुईनंतर काही दिवस वाढते, आणि सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया जवळ आली असता घेतलेली सुई जंतुसंसर्गाचा धोका वाढविते. डॉक्टरांना या गोष्टी विचारणे हा उद्धटपणा नसून रुग्णाचा हक्क आहे.

सुई मुळीच घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. गुडघा सुजून पाऊल टाकणे अशक्य झाले असता जाणत्या डॉक्टराने, स्वच्छतेची काळजी घेऊन दिलेली एखादी सुई हा मोठा दिलासा असतो. प्रश्न आहे तो त्या दिलाशाच्या काळात आपण काय करतो याचा. वेदना थांबली म्हणून पूर्वीचेच जीवन चालू ठेवले, तर उसने फेडावयाचे राहून जाते. तोच काळ मांडीचे स्नायू बळकट करण्यात घालविला, तर सुईचे चीज होते.

हे स्नायू बळकट करणे हाच या विकारावरील सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी लष्करी रुग्णालयांतील १५६ रुग्णांच्या अभ्यासात स्टिरॉइडची सुई आणि शास्त्रोक्त भौतिकोपचार यांची तुलना करण्यात आली. वर्षअखेर भौतिकोपचार घेतलेल्यांच्या वेदना कमी होत्या आणि हालचाल अधिक सुकर होती. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे आणि काही क्षण तसाच धरणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे, सपाट रस्त्यावर नियमित चालणे, असे हे साधे व्यायाम आहेत. वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही मोजून पाहिलेले आहे. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरल्यानेही भार कमी होतो. पण आपल्याकडे काठी म्हणजे म्हातारपणाची कबुली, म्हणून लोक हजारोंच्या सुया पत्करतात आणि काठी नाकारतात. वेदनाशामक मलमाचाही उपयोग होतो. वेदनाशामक गोळ्या मात्र महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड यांना त्याची किंमत मोजावी लागते.

महागड्या उपायांची कसोटी काय सांगते? रक्तद्रवाची सुई मिठाच्या पाण्याच्या सुईपेक्षा सरस ठरत नाही, असे ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या २०२१ सालच्या प्रयोगात दिसले. दुर्बिणीतून सांधा धुण्याची शस्त्रक्रिया लटक्या शस्त्रक्रियेहून अधिक गुण देत नाही, हे २००२ सालीच अमेरिकेत सिद्ध झाले. ‘वंगणा’च्या सुईची शिफारस अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांची संघटना सरसकट करीत नाही. ज्या उपायांचा पुरावा दुबळा, त्यांचीच किंमत भारी, असा हा उफराटा व्यवहार आहे. व्यायामातून कोणाला दलाली मिळत नाही. म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

सांधेबदलाची गोष्ट निराळी. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा ही शस्त्रक्रिया घराघरांत माहीत झाली. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि दीड लाखाच्या घरातील प्रचलित प्रकार ५४,७२० रुपयांच्या कमाल मूळ किमतीत आणून ठेवला. हे पाऊल स्वागतार्हच होते. सांधा पुरता झिजला असता या शस्त्रक्रियेने माणूस पुन्हा चालता होतो. पण ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

याहून गंभीर आहे तो पुडीचा प्रश्न. ‘वातावरची देशी दवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी भुकट्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. रोगी दोन दिवसांत टवटवीत होतो, विकणाऱ्याचा लौकिक वाढतो. आणि काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. पुडी एकाएकी थांबविली तरी जिवावर बेतू शकते. वस्तुतः स्टिरॉइडच्या गोळ्या व सुया डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. मधुमेह आणि अनिर्बंध स्टिरॉइड यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्राने पाहिले आहे. तो धडा इतक्या लवकर विसरणे परवडणारे नाही.

मग करावयाचे काय? १९५६ साली स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लोकांच्या तोंडच्या ‘घाटी’त, मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. परंतु पाय सरळ करण्याचा व्यायाम शिकण्यासाठी सिल्लोड-सोयगावच्या बाईने रोजगार बुडवून, एस.टी.च्या उंच पायऱ्या चढून आठवड्यातून दोनदा शहरात यावे, ही अपेक्षा क्रूर आहे. तिला सुई किंवा पुडीच जवळची वाटणार, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञ रोज भेटला पाहिजे, आणि आशा कार्यकर्तीला हे चार-पाच व्यायाम शिकविले गेले पाहिजेत. अन्न व औषध प्रशासनाने बाजारातील पुड्यांचे नमुने नियमित तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. कार्यालये, शाळा, सभागृहे आणि बसस्थानके यांत उंच बैठकीची शौचालये व पुरेशी बाके हवीत. त्यांना खर्च फार येत नाही, मात्र दुखऱ्या गुडघ्यांची आठवण ठेवावी लागते.

शिक्षक आणि कारकून वर्गाकडूनही एक अपेक्षा आहे. गावातील लोक औषधाची चिठ्ठी वाचून घ्यावयास त्यांच्याकडेच येतात. ‘या सुईत काय आहे, ती किती दिवस पुरेल आणि तोवर मी काय करावयाचे?’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली आणि येणाऱ्यालाही लावली, तर बऱ्याच गुडघ्यांची आणि संसारांची झीज थांबेल.