धडकेनंतरचा पहिला तास आणि युसूफ वडगावची पहार

१/
बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावाजवळ रात्री उसाच्या ट्रॉलीवर जीप आदळली, तर तेथे सर्वप्रथम कोण पोहोचते? शेताला पाणी देणारा शेतकरी, ढाब्यावरचा आचारी, मागून येणारा ट्रकचालक. त्यांच्याजवळ पहार, दोरखंड आणि फार तर एखादा ट्रॅक्टर असतो. माणुसकी भरपूर असते. पत्रा कापण्याचे साधन आणि ते चालवण्याचे शिक्षण मात्र नसते. या उणिवेला एक इतिहास आहे.

२/
आधी रेल्वेकडे पाहू. रुळांवर अपघात झाला की ठरावीक स्थानकांवर सज्ज ठेवलेली अपघात मदत गाडी निघते. डबे कापण्याची, उचलण्याची साधने त्या गाडीसोबतच जातात. रूळ, डबे आणि कर्मचारी एकाच संस्थेचे असल्याने जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. रस्त्याचे तसे नाही. रस्ता एका खात्याचा, पोलीस दुसऱ्या, रुग्णवाहिका तिसऱ्या आणि वाहन खासगी मालकाचे.

३/
बीड जिल्ह्यासाठी हा भेद फार महत्त्वाचा आहे. परळीला रेल्वे जुनी; पण बीड शहरापर्यंत प्रवासी गाडी पोहोचायला २०२५ साल उजाडावे लागले. दर हंगामात पश्चिम महाराष्ट्राकडे निघणारे ऊसतोड कामगार, बाजारहाट, लग्नाची वऱ्हाडे, अंबाजोगाईच्या रुग्णालयाकडे जाणारे रुग्ण या साऱ्यांचा भार पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यानेच वाहिला.

४/
आता अवजाराची कथा. मोटारीत अडकलेल्या माणसाला सोडवण्यासाठी पूर्वी पहारी आणि फिरत्या पात्याच्या करवती वापरत. करवतीच्या ठिणग्या आणि सांडलेले पेट्रोल यांची गाठ पडली, तर सुटका हेच नवे संकट ठरे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जॉर्ज हर्स्ट याने शर्यतीच्या मोटारीत अडकलेल्या चालकांची दैना पाहिली. त्यातून द्रवदाबावर चालणारे, पत्रा फाकवणारे यंत्र आले. ‘जॉज ऑफ लाइफ’ हे त्याचेच नाव. मृत्यूच्या जबड्यातून माणसाला ओढून आणणारा हा दुसरा जबडा.

५/
तथापि यंत्र म्हणजे सर्वस्व नव्हे. १९४१ साली, लंडनवरील बॉम्बहल्ल्यांच्या काळात, बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. ढिगाऱ्याखाली कित्येक तास दबलेली माणसे बाहेर काढल्यावर सुरुवातीला बरी वाटत. मग मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. चिरडलेल्या स्नायूंतील घातक द्रव्ये दाब सुटताच रक्तात मिसळत होती. उलटलेल्या ट्रॉलीखाली दीर्घकाळ पाय अडकलेल्या मजुरालाही हाच धोका असतो. म्हणून अशा माणसाची सुटका आणि उपचार एकाच वेळी सुरू व्हावे लागतात.

६/
बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. अॅडम्स काउली यांनी ‘गोल्डन अवर’ ही कल्पना रूढ केली. साठ मिनिटे ही काटेकोर सीमारेषा नव्हे. विलंब प्राण घेतो, एवढाच तिचा आशय. भारताच्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ही संज्ञा आली. त्या व्याख्येतील शब्द ध्यानात घ्यावेत : हा तास इजा झाल्या क्षणापासून मोजायचा आहे. जखमी रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत तो थांबून राहत नाही.

७/
आपल्याकडील कायद्याने प्रथम रुग्णालयाचे दार उघडले. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. जवळच्या रुग्णालयाने त्याला सुमारे २० किलोमीटरवरील, पोलीस प्रकरणे हाताळणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच गेला. या घटनेवरून परमानंद कटारा यांनी याचिका केली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : आधी जीव वाचवावा, कागदपत्रे नंतर.

८/
त्यानंतर मदत करणाऱ्याची भीती दूर करण्याची पाळी आली. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या याचिकेवरून ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४-अ ने त्यांना कायद्याचे बळ दिले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला डांबून ठेवता येत नाही, साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची केंद्रीय योजनाही लागू झाली.

९/
वाहतुकीचा दुवाही जोडला गेला. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. म्हणजे रुग्णालय, मदतकर्ता, रुग्णवाहिका आणि खर्च या चारही कड्या धोरणाच्या नजरेत आल्या. पाचवी कडी राहिली : चेपलेल्या पत्र्यातून माणूस बाहेर कोणी काढायचा? तो बाहेर येईपर्यंत उरलेल्या चारही कड्या रस्त्याच्या कडेला ताटकळत उभ्या राहतात.

१०/
या प्रश्नाचे मूळ संविधानाच्या दोन परिशिष्टांत सापडते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावे परिशिष्ट जोडले. नागरी संस्थांच्या १८ विषयांत अग्निशमन सेवा स्पष्टपणे नोंदलेली आहे. त्याच वेळच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावे परिशिष्ट आणले. त्यातील २९ विषयांत अग्निशमन नाही. आग शहरात लागते, असे जणू गृहीत धरले गेले.

११/
पत्रा कापणारे यंत्र सहसा अग्निशमन दलाकडेच असते, म्हणून हे गृहीतक अपघातग्रस्तांनाही भोवते. बंब शहराचा, यंत्र बंबासोबत आणि धडक मात्र दोन गावांमधल्या अंधाऱ्या रस्त्यावर. गाव मदतीला धावते ते पहार घेऊन. ओढाओढीत मानेच्या मणक्याला इजा झाली, तर वाचलेला माणूस जन्माचा पंगू होऊ शकतो. हा दोष गावकऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

१२/
केज तालुक्यातीलच विनायक मेटे यांचे १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघाती निधन झाले. मदत वेळेत मिळाली की नाही, यावर तेव्हा मोठा वाद झाला. राज्यातील सर्वाधिक लक्ष असलेल्या रस्त्याबाबत, एका परिचित नेत्याच्या मृत्यूनंतर, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. तालुक्यातील आडरस्त्यावर एखाद्या ऊसतोड मजुराचा जीव गेला, तर तोच प्रश्न विचारणारे कोणी असते का?

१३/
‘एवढी महाग यंत्रे गावोगाव कशी ठेवायची?’ हा आक्षेप रास्त आहे. गावोगाव ठेवण्याची आवश्यकताही नाही. युसूफ वडगावला पोलीस ठाणे आहे. अशा ग्रामीण ठाण्यांच्या गटामागे एक संच पुरेल. आता बॅटरीवर चालणारी, जीपमध्ये मावणारी यंत्रेही मिळतात. गाळप हंगामात साखर कारखान्यांनी असा संच बाळगावा. वाहतूक त्यांच्याच उसाची असते.

१४/
शिक्षण तर त्याहून स्वस्त. चाकांना उटी लावून वाहन स्थिर करणे, बॅटरी तोडणे, जखमीची मान दोन्ही हातांनी धरून ठेवणे, आग वा पाण्याचा धोका नसल्यास त्याला न ओढणे, कोणी दबलेले आहे हे १०८ ला फोनवरच सांगणे. पोलीस, गृहरक्षक, ढाबेवाले आणि ट्रॅक्टरचालक यांना हे शिकवता येईल.

१५/
१९८९ चा निर्णय एका स्कूटरस्वाराच्या मृत्यूनंतर आला. २०१६ चे संरक्षण प्रदीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर मिळाले. या इतिहासात कोणतीही सुधारणा आपणहून चालत आलेली नाही. ती कोणीतरी मागितली. ग्रामीण रस्त्यावरील सुटकेची जबाबदारी नेमक्या एका यंत्रणेच्या नावे लिहिली जावी, ही मागणी आता युसूफ वडगावसारख्या गावांच्या ग्रामसभांतून उठली पाहिजे. रात्री पहार घेऊन धावणाऱ्या माणसाचे एवढे देणे समाज लागतो.