साठ दिवसांत हिशेब द्या

हा जाहीर इशारा तिघांसाठी आहे: सरकारी तेल कंपन्या, केंद्राचे पेट्रोलियम मंत्रालय आणि महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय विभाग. उरणच्या करंजा आणि मोरा बंदरांतल्या नाखव्यांची आणि खलाशांची बाजू आम्ही मांडत आहोत. निवेदने, हार-तुरे आणि 'विचार करू' ही उत्तरे पुष्कळ झाली. आता हिशेब हवा आहे.

मार्च 2022 मध्ये मुंबईत पेट्रोल पंपावर डिझेल लिटरला 94 रुपये 14 पैशांना मिळत होते. त्याच दिवसांत त्याच कंपन्या तेच डिझेल घाऊक ग्राहकाला 122 रुपये 5 पैशांना देत होत्या. फरक 27 रुपये 91 पैशांचा. बोटीने एका फेरीसाठी 1,000 लिटर डिझेल भरले, तर जाळे पाण्यात पडण्याआधीच 27,910 रुपये जादा गेले. ही वेळ पहिली नव्हती. 18 जानेवारी 2013 पासून घाऊक डिझेल बाजारभावाने विकायचे ठरले, तेव्हाही लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास फरक पडला आणि दोन्ही वेळा मच्छीमार सोसायट्या त्यात भरडल्या गेल्या. कंपन्यांच्या दप्तरी सोसायटीचा पंप हा 'घाऊक ग्राहक' आहे, एवढेच त्याचे कारण.

आमची हरकत नेमकी याच नोंदीला आहे. कारखाना टँकर मागवतो आणि ते डिझेल स्वतः जाळतो. एसटी महामंडळ आपल्या आगारात साठा करते आणि आपल्याच गाड्यांत भरते. मच्छीमार सोसायटी डिझेलचा एक थेंबही जाळत नाही. ती सभासदाच्या बोटीला कोट्याप्रमाणे लिटर मोजून देते आणि पावती फाडते. हे काम हमरस्त्यावरचा पंप करतो तेच आहे. डिझेल जाळणारा आहे तो एका बोटीचा मालक, म्हणजे किरकोळ ग्राहक. ट्रकवाल्याला एक दर आणि नाखव्याला दुसरा, हा भेद कशाच्या आधारावर केला, हे आजवर कोणी लेखी सांगितलेले नाही. ते आता सांगावे लागेल.

'परवडत नसेल तर बाहेरच्या पंपावरून घ्या' असे उत्तर कोणी देऊ नये. बोट रस्त्याने पंपावर जात नाही. पिंपे भरून, टेम्पोत घालून, धक्क्यावर उतरवून डिझेल आणायचे म्हणजे खर्च वेगळा आणि आगीची जोखीम वेगळी. शिवाय राज्य सरकार मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा जो परतावा देते, तो सोसायटीच्या पंपामार्फत घेतलेल्या डिझेलवर मिळतो. म्हणजे बाहेर जावे तर करपरतावा बुडतो आणि सोसायटीत जावे तर घाऊक दर गळ्यात पडतो. एका सरकारने दिलेली सवलत दुसऱ्या सरकारच्या कंपन्यांनी काढून घेतली आणि दोघेही गप्प राहिले.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. कंपन्यांच्या वकिलांना हे ठाऊक आहे. आमच्या माणसांनाही ठाऊक असावे.

सरकारी तेल कंपनी खासगी दुकानदार नाही. सोमप्रकाश रेखी खटल्यात, नोव्हेंबर 1980 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भारत पेट्रोलियमला घटनेच्या कलम 12 च्या अर्थाने 'राज्य' ठरवले. जी संस्था 'राज्य' आहे तिला कलम 14 लागू होते आणि समान स्थितीतल्या ग्राहकांत तिला मनमानी भेद करता येत नाही. स्पर्धा कायद्याच्या कलम 4 नुसार बाजारावर वर्चस्व असलेल्या उद्योगाने भेदभावाचे दर लावणे हा त्या वर्चस्वाचा गैरवापर ठरतो. हा कायदा सरकारी कंपनीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये कोल इंडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले.

विरोधातले निकालही आम्ही लपवत नाही. केरळच्या परिवहन महामंडळाला एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने किरकोळ दराने डिझेल देण्याचा अंतरिम आदेश दिला आणि मे महिन्यात खंडपीठाने तो रद्द केला. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोल इंडियाची काही ग्राहकांपुरती केलेली 20 टक्के दरवाढ वैध ठरवली आणि जादा रक्कम परत मागणारे उद्योग हरले. ग्राहकांचे वर्ग पाडता येतात, हे त्या निकालांतून दिसते. पण वर्ग पाडायचा तर त्याला समजण्यासारखा आधार लागतो आणि त्या आधाराचा हेतूशी संबंध लागतो. स्वतःच्या ताफ्यासाठी डिझेल घेणारे महामंडळ आणि सभासदांना लिटरवर डिझेल वाटणारी सोसायटी एका वर्गात बसत नाहीत. आमचा खटला तिथेच उभा राहतो.

परताव्याच्या मागणीवर कंपन्या कोणते उत्तर देतील, तेही आम्ही ओळखून आहोत. मफतलाल खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने डिसेंबर 1996 मध्ये सांगितले की, ज्याने जादा भरलेला करभार पुढच्या ग्राहकावर ढकलला, त्याला तो परत मागता येत नाही. दराच्या बाबतीतही हाच मुद्दा पुढे केला जाईल. मग ससून डॉकचा लिलाव बघा. मासळीचा भाव व्यापारी बोली लावून ठरवतो. डिझेल महागले म्हणून पापलेटला कोणी दोन रुपये जास्त देत नाही. नाखवा हा बोजा पुढे ढकलू शकत नाही. तो खालीच झिरपतो: वाट्यावर चालणाऱ्या बोटीत आधी डिझेल, बर्फ, रेशनचा खर्च वजा होतो आणि उरलेल्यातून खलाशाचा वाटा निघतो. म्हणून जादा दर खलाशानेही भरला आहे.

राहिला मुदतीचा प्रश्न. पैसे परत मागण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि 2022 ला तीन वर्षे उलटली, असे सांगितले जाईल. त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टचा 1979 चा निकाल वाचावा. बंदर शुल्काच्या परताव्याचाच तो वाद होता. नागरिकाचा न्याय्य दावा बुडवण्यासाठी सार्वजनिक संस्थेने मुदतीच्या तांत्रिक मुद्द्याचा आधार घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावले.

आमच्या मागण्या चार आहेत.

1. नोंदणीकृत बोटींना डिझेल देणारा मच्छीमार सोसायटीचा पंप 'घाऊक ग्राहक' या वर्गातून कायमचा वगळा. तसा लेखी आदेश काढा. आज दोन दरांत फरक किती आहे, याच्याशी या मागणीचा संबंध नाही. कच्च्या तेलाचा भाव पुन्हा उसळेल तेव्हा तीच नोंद पुन्हा गळफास बनेल.

2. 2013 आणि 2022 या दोन्ही काळांतला सोसायटीवार हिशेब जाहीर करा: किती लिटर दिले, कोणत्या दराने दिले, त्या दिवशी पंपावरचा दर काय होता.

3. फरकाची रक्कम व्याजासह परत करा. ती बोटमालकाच्या खात्यात जाईल आणि वाट्याच्या बोटींवर खलाशांचा हिस्सा त्यांना मिळेल, अशी लेखी व्यवस्था करा.

4. राज्य सरकारने थकलेला करपरतावा द्यावा आणि दरात तफावत असेल त्या काळात बाहेरच्या पंपाच्या पावतीवरही तो मंजूर करावा. एप्रिल 2025 मध्ये याच सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला जे डिझेल पंपाच्या दराने मिळते, ते बोटीला जादा दराने का, याचे उत्तर मंत्रालयाने द्यावे.

मुदत 60 दिवसांची आहे. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी कायदा दोन महिन्यांची नोटीस मागतो. तेवढाच वेळ आम्ही जाहीरपणे देत आहोत. रीतसर नोटिसा वेगळ्या जातील. एकसष्टाव्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयात कलम 226 खाली रिट याचिका आणि स्पर्धा आयोगाकडे तक्रार, ही दोन्ही कामे सुरू होतील. जहाजांची वाट अडवणे, दगड उचलणे हे आमच्या कार्यक्रमात नाही. ते कोणी आमच्या नावाने केले तर आम्ही त्याच्याबरोबर नाही.

आपल्या माणसांनाही तितक्याच कडक शब्दांत सांगणे आहे. डिझेलची प्रत्येक पावती, कोट्याची नोंद आणि लिलावाची पट्टी जपून ठेवा. भाव वाढवून मिळाला नाही, हे त्या पट्टीनेच सिद्ध होईल. सोसायटीच्या संचालकांनी जुनी खातेवही रद्दीत घातली, तर सभासदांचा दावा त्यांनी स्वतः बुडवला असे आम्ही समजू. उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाड्याच्या 1,630 कुटुंबांनी हरित लवादापुढे चिकाटीने बाजू मांडली, म्हणून 27 फेब्रुवारी 2015 रोजी जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीला सुमारे 95 कोटी 19 लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश झाला. उरणचा कोळी मोठ्या संस्थांपुढे कायद्याने उभा राहू शकतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले आहे.

बॉम्बे हायचे तेल उरणच्या किनाऱ्याला लागते. त्याच किनाऱ्यावरच्या बोटीला तेल सर्वांत महाग मिळावे, हे आम्ही दोनदा सोसले. तिसऱ्यांदा सोसणार नाही. साठ दिवसांत लेखी आदेश आणि हिशेब आला, तर आम्ही टेबलावर बसायला तयार आहोत. आला नाही, तर तो हिशेब न्यायालयात शपथपत्रावर द्यावा लागेल.