सुटकेनंतरचा निवारा आणि सरकारची नजर

हैदराबादमधील गौलीगुडा परिसर मराठी प्रवाशांना अनोळखी नाही. मुसी नदीकाठच्या या वस्तीलगतच महात्मा गांधी बसस्थानक असून महाराष्ट्राकडे जाणाऱ्या गाड्या तेथून सुटतात. चंचलगुडा कारागृहही तेथून फार दूर नाही. कारागृहातून बाहेर पडलेल्या, पण गावी परतण्याजोगे घर न उरलेल्या माणसाला मोठ्या शहरात आधार मिळतो तो अशाच भागात. स्वस्त खोली, रोजंदारीचे काम आणि कोणी फारशी चौकशी न करण्याची सोय तेथे असते. हा माणूस कोठे राहतो, कोणाच्या भरवशावर राहतो आणि त्या निवाऱ्यावर लक्ष कोणाचे असते, या प्रश्नाकडे देशातील बहुतेक राज्यांनी पाठ फिरवली आहे. गोवाही त्याला अपवाद म्हणता येणार नाही.

आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. ती ठरावीक दिवसांची असते आणि मुदत संपताच कैद्याला परतावे लागते. पाश्चात्त्य देशांत पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली समाजात भोगणे. आपल्याकडील मुदतपूर्व सुटका त्याच्या अधिक जवळची आहे. दोन्ही प्रसंगी प्रशासन पत्ता मागते, जामीनदार मागते आणि पोलीस ठाण्यातील हजेरीची अट घालते. पत्ता खरा आहे की नाही, याची चौकशी होते. तो राहण्याजोगा आहे की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. साहजिकच ज्याला घर आहे त्याला रजा सुलभ आणि ज्याला घर नाही त्याला ती दुरापास्त, असा न्याय घडतो. तुरुंगातील गरिबांना जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत देणारी योजना केंद्राने २०२३ मध्ये आणली. पैशांची अडचण सरकारला मान्य झाली, निवाऱ्याची अद्याप झालेली नाही.

ही पोकळी स्वयंसेवी संस्था, धार्मिक न्यास किंवा खासगी वसतिगृहे भरून काढतात. त्यांतील अनेकांचे काम निःस्वार्थी असते. परंतु सद्हेतू ही देखरेखीची जागा घेऊ शकत नाही. बालगृहांसाठी २०१५ च्या बालन्याय कायद्याने नोंदणी सक्तीची केली आणि तपासणी समित्या नेमल्या. मनोरुग्णांच्या संस्थांसाठी २०१७ च्या कायद्याने नोंदणी आणि तपासणीची व्यवस्था उभी केली. कारागृहातून आलेल्या प्रौढांच्या निवाऱ्यासाठी मात्र इतकी सविस्तर चौकट नाही. केंद्राच्या २०२३ च्या नमुना कारागृह कायद्यात सुटकेनंतरच्या पुनर्वसनाचा उल्लेख आहे. पण कारागृहे हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही, हे ज्या त्या राज्याने ठरवायचे आहे.

केवळ नोंदणीने प्रश्न सुटत नाही, हे बिहारमधील मुझफ्फरपूरने दाखवून दिले. तेथील मुलींचे निवारागृह खासगी संस्था सरकारी अनुदानावर चालवत होती. तेथील अत्याचार २०१८ मध्ये उजेडात आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या चमूने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. हा चमू अनुदान देणाऱ्या यंत्रणेचा भाग नव्हता आणि त्याने मुलींशी थेट संवाद साधला. जो संस्थेत माणसे पाठवतो आणि पैसे देतो, त्यालाच दोष शोधायला सांगितले, तर दोष सापडण्याची आशा कमीच.

इंग्लंडचा अनुभवही बोलका आहे. तेथे बेघर, व्यसनमुक्तीच्या वाटेवरील आणि तुरुंगातून आलेल्या लोकांना आधारासह घर देणाऱ्या मालकांना सरकारी गृहभत्ता अधिक मिळत असे. आधार नावापुरताच देऊन खोल्या भरण्याचा धंदा बर्मिंगहॅमसारख्या शहरांत फोफावला. अखेर २०२३ मध्ये तेथील संसदेने अशा घरांवर देखरेख, किमान दर्जा आणि परवाने यांची तरतूद करणारा कायदा केला. माणशी पैसे मिळत असतील, तर मालकाचे हित खोली भरलेली राहण्यात असते, राहणारा लवकर स्वतःच्या पायांवर उभा राहण्यात नसते.

पॅरोलवरील माणसाची स्थिती इतर भाडेकरूंहून आणखी अवघड असते. भाडेकरूला जागा पसंत नसेल, तर तो सोडून जाऊ शकतो. येथे पत्ता बदलणे हाच अटीचा भंग ठरू शकतो. व्यवस्थापकाविरुद्ध तक्रार करावी, तर तोच पोलिसांकडे उलट तक्रार करील आणि पुन्हा कोठडी पाहावी लागेल, ही भीती असते. त्यामुळे तक्रारी आल्या नाहीत, यावरून सारे सुरळीत आहे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

मग सरकारनेच सर्व काही चालवावे काय? हैदराबादेतच नोव्हेंबर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेच्या तोंडावर भीक मागण्यावर बंदी आली आणि रस्त्यावरील लोकांना कारागृहाच्या आवारातील निवाऱ्यांत हलवण्यात आले. निवारा आणि तुरुंग यांतील रेषा सरकारी हातातही किती सहज पुसट होते, याचे ते उदाहरण होय. चालवणारा कोण, यापेक्षा त्याला जाब विचारणारा कोण, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

गोव्यासारख्या लहान राज्यात हे काम तुलनेने सोपे आहे. मध्यवर्ती कारागृह कोलवाळचे एकच. निराधारांसाठी प्रोव्हेदोरियासारख्या जुन्या संस्थेचा अनुभवही राज्याच्या गाठीशी आहे. कारागृहातून आलेल्यांना ठेवणाऱ्या प्रत्येक निवाऱ्याची नोंदणी, कारागृह व पोलीस खात्यांबाहेरच्या व्यक्तींकडून पूर्वसूचनेविना तपासणी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट तक्रारीची सोय, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत केवळ पत्ता बदलला म्हणून पॅरोल रद्द होणार नाही, अशी हमी एवढ्या चार तरतुदी नियमांत आणता येतील. त्यांसाठी मोठा निधी लागत नाही. शेजाऱ्यांचा विरोध होईल, हे खरे. पण आपल्या गल्लीत कोण राहते, हे कोणालाच ठाऊक नसण्यापेक्षा नोंद असलेले, तपासले जाणारे घर त्यांच्याही हिताचे आहे. शिक्षा भोगलेला माणूस बाहेर येणारच आहे. तो नोंदणीकृत घरात येईल की बसस्थानकाच्या आसऱ्याला, हे ठरवणे मात्र सरकारच्या हाती आहे.